हात बघितलास का रं?

पंचमीच्या आदल्या रविवारी चाकणला धाकटीकडे जाऊन आलो. धाकटी म्हणजे माझी चुलत बहीण. भावंडांत शेवटची, म्हणून चाळिशी उलटली तरी घरात तिचं नाव तेच. गावाहून आत्यानं एसटीच्या पार्सलने तिच्यासाठी साडी पाठवली होती, सोबत ज्वारीच्या लाह्या, आणि त्याही पितळेच्या डब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत लाह्या फुकट जात नाहीत, पण आत्याला पिशवी चालत नाही. एवढा जड डबा गावाहून पुण्याला आणि पुण्याहून चाकणला, असं पुटपुटत मी तो मागच्या सीटवर आडवा टाकला. चाकणच्या चौकात पाऊण तास गेला. पोचलो तेव्हा दाजी दारातच उभे. चांगला माणूस, हसतमुख, कंपनीत सुपरवायझर. त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली, नव्या गाडीचं मायलेज सांगितलं, माझ्या मुलाच्या बारावीची चौकशी केली. धाकटी पोहे आणि चहा ठेवून स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. साडी तिच्या हातात दिली, भाचीने फोटो काढला, तो घरच्या ग्रुपवर गेला, त्याखाली लगेच बदाम आणि जोडलेले हात पडले. चाळीस मिनिटांत मी परत गाडीत होतो. डबा तिथंच राहिला. "लाह्या काढून घेते आणि देते पाठवून," असं धाकटी म्हणाली होती आणि मी "राहू दे गं" म्हणालो होतो.

संध्याकाळी आत्याला फोन केला. काम झाल्याचं सांगायचं आणि मोकळं व्हायचं, एवढाच हेतू. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, फोनवर ओरडून बोलते, कारण तिच्या हिशेबाने चाकण लांब आहे आणि पुणं त्याहून थोडंच जवळ. साडी दिली का? दिली. रंग आवडला? आवडला असणार. लाह्या मोडल्या न्हाईत न्हवं? नाही. मग जरा थांबली आणि म्हणाली, "हात बघितलास का रं तिचा?"

मी म्हणालो, "कसला हात?"

पलीकडे काहीच आवाज नाही. मग "ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि फोन ठेवला.

आत्या काही ज्योतिषी नाही. हात बघणं म्हणजे तिच्या भाषेत काय, हे मला ठाऊक होतं. मी ठाऊक नसल्यासारखं विचारलं, आणि ते तिला कळलं. त्या रात्री झोपायच्या आधी मी ग्रुपवरचा फोटो पुन्हा उघडला. धाकटीच्या अंगात पोटरीपर्यंतचा कुर्ता, बाह्या थेट मनगटापर्यंत, श्रावणातल्या त्या चिकचिकाटात. एका हाताने साडीची पिशवी धरलेली, दुसरा हात ओढणीखाली. बायका लांब बाह्या घालतात, त्यात काय. माझी बायकोही स्कूटरवरून जाताना घालते. असं स्वतःला समजावून फोन उपडा ठेवला. पण तो प्रश्न त्यानंतर पंधरा दिवस माझ्या डोक्यात घुटमळत राहिला.

आमच्या गल्लीत पंचमीच्या आधी कासारीण यायची. सगळे तिला मामी म्हणायचे. डोक्यावरचं बोचकं उतरवलं की सोप्यात घोंगडं अंथरायचं आणि बांगड्यांच्या लडी त्यावर ओळीने लावायच्या: हिरव्या, राजवर्खी, मोरपंखी. मी सात-आठ वर्षांचा असेन, तिला प्यायला पाणी आणून द्यायचं काम माझं, म्हणून मला बसायला मिळायचं. मामी बाईचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यायची. आधी नुसताच दाबायची, उलटा करायची, अंगठ्याखालचं हाड चाचपायची. "सैल सोड. अंगठा आत. माझ्याकडं बघू नगंस, तिकडं बघ." मग बोटं एकत्र आवळून बांगडी त्या हाडावरून अशी सरकवायची की बाईच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत ती मनगटावर. बांगडी तडकली तर कुणी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. भरून झालं की ती बाई मामीला वाकून नमस्कार करायची. मला त्या वयात बांगड्यांचं कौतुक. मामी काय बघत असते, हे पुष्कळ वर्षांनी आत्याने सांगितलं. कोपरापर्यंतचा पदर मागे सारल्याशिवाय बांगड्या भरता येत नाहीत. गावातल्या झाडून सगळ्या बायकांचे हात वर्षातून दोन-तीनदा एकाच बाईच्या मांडीवर येतात. सासूपासून लपवता येतं, आईपासून लपवता येतं, नवऱ्याचं झाकताही येतं, मामीपासून नाही. कुणाला दोन महिन्यांतच पुन्हा डझनभर लागतात, कुणाच्या दंडावर चार बोटं उमटली आहेत, कुणाचं माप उतरलं आहे. मामी तिथल्या तिथे काही बोलायची नाही. बोचकं बांधताना, चहा पिताना, एखाद्या म्हातारीच्या कानाशी लागायची.

तशीच गोष्ट मुराळ्याची. आता हा शब्द माझ्या मुलाला सांगितला तर तो मुरळीशी घोटाळा करील. सणाला लेकीला सासरहून आणायला जाणारा तो मुराळी: भाऊ, नाहीतर बाप, नाहीतर घरातलं कुणी जाणतं पोर. आम्हाला ते नुसतं आणणं-पोचवणं वाटायचं. पण मुराळी एक रात्र तिथं मुक्काम करायचा. जेवताना ताटात काय पडतं, ते वाढणारी कोण, बहीण शेवटी जेवते की जेवतच नाही, तिला हाक कशी मारतात, ती हाकेला दचकते का, हे सगळं तो बघून यायचा. आणि येताना बैलगाडीत किंवा एसटीत बहिणीशी चार-पाच तास एकट्याने बोलायला मिळायचं. माहेरी आलेल्या लेकी मग फेर धरायच्या आणि गाण्यात सासूचा उद्धार करायच्या, सगळ्या गावादेखत, आणि गाणं असल्यामुळे कुणाला काही म्हणता यायचं नाही. जात्यावर तर याहून उघड. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. त्यातल्या थोड्या जरी ऐकल्या तरी कळतं, की पहाटे जात्याशी बसलेली बाई भावाची वाट किती परींनी बघते, आणि भावाला काय सांगायचं, काय सांगायचं नाही, याचा केवढा विचार करते. भाऊ तापट असेल तर त्याला कमी सांगायचं. आई कष्टी होईल म्हणून तिला त्याहून कमी.

आता सगळं छान छान होतं असं वाटायला लागलं असेल, तर शेजारच्या सोप्यातली गोष्ट सांगायला हवी. ती सांगायचं मी टाळत होतो.

मी दहा वर्षांचा. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली लेक कऱ्हाडकडे दिलेली होती. भादव्यात एकदा भर दुपारी ती चालत आली. सोबत मुराळी नाही, हातात पिशवी नाही, पायांत चप्पल नाही. लेक अशी आली की तिला कुणी काही विचारत नाहीत, आधी पाणी देतात, आणि पाणी देता देता गल्लीभर कळलेलं असतं. योगायोगाने त्याच आठवड्यात मामी आली होती. तिने त्या लेकीचा हात मांडीवर घेतला, बराच वेळ नुसता धरून ठेवला आणि तिच्या आईला म्हणाली, "लग्नात अडीचची भरली हुती हिला. आता सव्वादोन ढिली हुतीया." आई रडली. आठ दिवसांनी सासरची मंडळी आली. पाच-सात जाणती माणसं सोप्यात बसली, त्यात माझे आजोबाही होते. नवरा खाली मान घालून बसलेला. शेवटी त्याने बेलभंडारा उचलला: पुन्हा हात लावणार नाही. बेलभंडारा ही साधी गोष्ट नाही, आमच्याकडे त्यावर जमिनीचे तंटे मिटतात. खंडोबाची आण घेतल्यावर माणूस फिरत नाही, अशी सगळ्यांची खात्री. लेकीला कुणी विचारलं की नाही, मला आठवत नाही. ती आत होती. तिला साडी नेसवली, शिदोरी बांधली, आणि तिची ओटी भरली माझ्या आत्याने, जी तेव्हा सवाष्ण होती आणि माहेरपणाला आली होती. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. "नांदायला जातीस, हसून जा," असं आत्या म्हणाली. हे आत्यानेच मला सांगितलं, तीनदा सांगितलंय, प्रत्येक वेळी त्याच शब्दांत.

दिवाळीच्या आधी निरोप आला. तिने विहीर जवळ केली होती.

त्या सोप्यात काय चुकलं, याचा आत्याने इतकी वर्षं विचार केला आहे. शाळा चौथीपर्यंत, पण विचार वकिलासारखा. ती म्हणते, बेलभंडारा उचलला ते खोटं नव्हतं. तो माणूस त्या दिवशी खरंच उचलत होता. पण उचलून झाल्यावर भादवा संपला, नवरात्र गेलं, आणि दीड महिन्यात माहेरचं एकही माणूस त्या उंबऱ्यावर गेलं नाही. आण घेतलीय म्हटल्यावर बघायला जाणं म्हणजे अविश्वास दाखवणं, त्यांचा मान मोडणं. "देवाला साक्षी ठेवलं आन् आपुन झोपलो," हे तिचं वाक्य. देवाला काय, सतरा कामं.

तेव्हापासून आत्याने जे सुरू केलं त्याला काही नाव नाही. गल्लीतली, भावकीतली कुठलीही पोर दिली, की पहिली दोन वर्षं तिच्याकडे पंधरा दिवसांनी कुणीतरी गेलंच पाहिजे. कारण हवं म्हणून वस्तू पाठवायची. लोणचं पाठवायचं ते चिनी मातीच्या बरणीत, कारण बरणी परत आणायला माणूस जावं लागतं. तूप पाठवायचं ते कडीच्या तांब्यात. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा तर आपल्याकडचा शिरस्ताच, म्हणजे ती पोर बरणीत काहीतरी घालून देणार, आणि ते काय घातलं आहे, कुणी घातलं आहे, घालताना सासू काय म्हणाली, एवढं सगळं त्या बरणीबरोबर परत येणार. गावातल्याच घरांसाठी तिची वेगळी युक्ती. एखाद्या घरातून रात्री आवाज यायला लागला की ही वाटी घेऊन निघायची: विरजण द्या. दिवेलागणीनंतर दही, मीठ, विरजण कुणी देत नाही, मागायला येणाऱ्यालाही ते माहीत असतं आणि देणाऱ्यालाही. म्हणजे विरजण नको आहे, हे दोघांना कळतं. ती दारात उभी राहायची, न बोलता, वाटी पुढे करून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आत हात उचललेल्या माणसाला म्हातारीपुढे तो खाली घ्यावाच लागायचा. गल्लीतली पोरं तिला मागून 'इनिस्पेक्टर' म्हणायची. मीही म्हटलं आहे.

आणि मी पुण्यात काय केलं? आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायचं. रात्री अकरानंतर खुर्ची ओढल्याचा आवाज, मग काहीतरी पडल्याचा, मग अजिबात शांतता. ती शांतताच वाईट होती. एकदा मी जिना चढून त्यांच्या दारापर्यंत गेलो. बेलवर बोट ठेवलं नाही. काय सांगू, कशाला आलो? विरजण मागायला? 2008 साली 'बेल बजाओ' म्हणून मोहीम चालली होती, टीव्हीवर तिच्या जाहिराती यायच्या: आतून मारहाणीचा आवाज येतो, शेजारचा बेल वाजवतो, काहीतरी फुटकळ मागतो, बस. मला ती जाहिरात फार आवडायची. हे तर आत्याचं विरजण, असं मी बायकोला कौतुकाने सांगितलंही होतं. आणि दारापाशी उभा राहून परत खाली आलो. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्या बाई भेटल्या, "पाणी आलं होतं का हो सकाळी?" म्हणाल्या. मी म्हणालो, आलं होतं. वर्षभरात त्यांनी घर सोडलं. कुठे गेल्या, कशा आहेत, ठाऊक नाही.

कायद्याची अडचण होती असंही नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा, ऑक्टोबर 2006 पासून लागू. त्यात स्वच्छ म्हटलं आहे की अशी हिंसा होते आहे किंवा होण्याचा संभव आहे असं ज्याला वाटतं, असा कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. नात्याचा असायला नको, साक्षीदार असायला नको. फोन करायला बायकांसाठीची 181 हेल्पलाइन आहे, तातडीसाठी 112 आहे. म्हणजे कायद्यानेही शेजाऱ्याला वाटी हातात देऊन ठेवली आहे. मी ती कपाटात ठेवली, एवढंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी 29 टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात 25 टक्के, म्हणजे चारातली एक. पण मला त्याच अहवालातली दुसरी गोष्ट जास्त लागली. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी 14 टक्क्यांनीच कुणाकडे मदत मागितली. तीन चतुर्थांशांहून जास्त बायका कुणाला काही बोललेल्याच नाहीत. आणि ज्या बोलल्या त्या सगळ्यात जास्त गेल्या कुठे, तर माहेरी. पोलिसांकडे अगदी थोड्या. आकडे तयार करणाऱ्यांना मुराळी माहीत असेल की नाही कोण जाणे, पण ती बाई अजूनही त्याचीच वाट बघते आहे, आणि तो चाळीस मिनिटांत पोहे खाऊन निघतो.

हे लिहिताना मला सारखी भीती वाटते की मी जुन्या दिवसांच्या आरत्या ओवाळतोय. 'आपली संस्कृती' म्हणत छातीवर हात ठेवणाऱ्यांच्या पंगतीला मला बसायचं नाही. ज्या बायका लेकीचा हात बघायच्या, त्याच बायकांनी माझ्या आत्याचा हात धरला होता. आत्या एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. नदीवर नेऊन तिच्या बांगड्या फोडल्या. त्या दिवशी मात्र 'वाढवल्या' म्हणायची कुणाला आठवण झाली नाही. दगडावर मनगट आपटताना काच रुतली, तो व्रण अजून दिसतो. धरणारी कुणी परकी नव्हती, सख्खी जाऊ होती, आणि ती रडतही होती. त्यानंतर आत्या माहेरी आली ती कायमची, आणि पंचमीला मामी घोंगडं अंथरायची तेव्हा ही आत चुलीपाशी. हिचा हात कोण बघणार? ज्या हातात बांगडी नाही, त्याचं माप कुणी घेत नाही. गावकी म्हणा, भावकी म्हणा, तिच्या मायेला असं कुंपण असतं. कुंपणाच्या आत तुम्ही गावाची लेक, बाहेर पाऊल पडलं की गाव तुमच्या नावाने आंघोळ करायला तयार. जातपंचायतींनी पोरींचं काय केलं ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. त्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 साली वेगळा कायदा करावा लागला.

म्हणून हेरवाडचं मला राहून राहून नवल वाटतं. शिरोळ तालुक्यातलं हे गाव, आमच्यापासून फार लांब नाही. कोविडमध्ये गावोगावची तरणी माणसं गेली होती, ऐन तिशीतल्या बायका मागे राहिल्या होत्या. मे 2022 मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेला म्हणून कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं. मला यातला शासनाचा भाग तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. ज्या चावडीच्या धाकाने बांगड्या फुटत होत्या, त्याच चावडीने हात आवरता घेतला, हे मोठं. लोक काय म्हणतील, ही आपल्याकडची खरी सत्ता. लोकांनी ठरवून दुसरं काही म्हणायला सुरुवात केली. अर्थात ठराव वेगळा आणि घरातली बाई वेगळी. ठराव झालेल्या गावातही तेराव्याला कोपऱ्यात बसवणारी माणसं असणारच, जशी माळ घातलेल्यांतही रात्री बायकोवर हात टाकणारी असतात. आमच्याकडे दारूच्या आहारी गेलेल्याला पंढरीला नेऊन तुळशीची माळ घालायला लावतात. दारू पुष्कळदा सुटते, खोटं का बोला. हाताची सवय सुटेलच असं नाही, कारण त्याबद्दल माळ घालताना कुणी काही बोललेलं नसतं.

आमच्या गावाने असला काही ठराव केला नाही. पण हेरवाडची बातमी आत्याला मीच वाचून दाखवली होती. ती शेंगा फोडत होती, फोडत राहिली. त्या वर्षी पंचमीला मामीची सून आली, तीच आता फिरते, स्कूटरवर. बायका भरून झाल्यावर आत्या चुलीपाशून उठून आली आणि घोंगड्यावर बसली. कुणी काही बोलेना. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "हिरव्या नगं. मातीच्या रंगाच्या हायती का?" मामीच्या सुनेने तो हात गुडघ्यावर घेतला, उलटा केला, व्रणावरून अंगठा फिरवला. दोन-दोन भरल्या. चव्वेचाळीस वर्षांनी तिच्या मनगटाचं माप कुणीतरी घेतलं होतं, सव्वादोन निघालं. त्यातल्या एका हातातल्या दोन्ही अजून आहेत.

तर, त्या पंधरा दिवसांनंतर एका शनिवारी मी गावी गेलो आणि आत्याला म्हणालो, डबा आणायला चाकणला जायचंय, येतेस? ती आधीच पिशवी भरून बसली होती असं मी म्हणणार नाही, पण अर्ध्या तासात निघाली. गाडीत मी तिला म्हणालो, दाजी चांगला माणूस आहे आत्या, उगाच कुणावर आळ नको. ते मी मनापासून म्हणत होतो. आपल्या मनात घोळणाऱ्या संशयाची मला लाज वाटत होती, आणि संशय खरा निघाला तर काय करायचं, याची धास्ती त्याहून जास्त. कात्रजच्या बोगद्यात शिरेपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "चांगला आसंल की. बघाय गेल्यानं चांगला मानूस झिजत न्हाई."

धाकटीने दार उघडलं. आत्याला बघून तिचा चेहरा आधी फुलला आणि मग क्षणभर मागे दाजींकडे गेला. मी ते पहिल्यांदाच बघत होतो, किंवा पहिल्यांदाच बघायला आलो होतो. डबा घासूनपुसून ओट्यावर ठेवलेला, आत बेसनाचे लाडू. दाजींनी पंख्याखालची खुर्ची दिली. आत्या बसली नाही. "च्या मी करती," म्हणत आत गेली, आणि तिच्या मागोमाग धाकटी. मी यावेळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. आत्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या बांगड्या काढल्या, पाट ओढला, त्यावर बसली आणि धाकटीचा हात गुडघ्यावर घेतला. लांब बाही कोपराच्या वर सारली. "अंगठा आत. तिकडं बघ."

धाकटी खिडकीकडे बघत राहिली. बांगडी हाडावर अडकलीच नाही. सर्रकन मनगटावर गेली आणि तिथून पुढे कोपराकडे.

"डाएट चाललंय माझं," धाकटी हसून म्हणाली.

आत्याने दुसरी बांगडी भरली, तिसरी भरली. कोपराच्या आतल्या बाजूला तिचं बोट जरा थांबलं. माझ्या जागेवरून मला तिथलं काही दिसत नव्हतं. बाहेरून दाजी म्हणाले, "जेवूनच जा, आत्या. मग मी सोडतो तुम्हाला स्वारगेटपर्यंत, यांना कशाला हेलपाटा."

"मी हाय की चार दिस," आत्या म्हणाली. हात तिने सोडला नव्हता. "ह्यो जाईल."

बाहेर थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग दाजी म्हणाले, "हो हो, राहा ना." मी चहा घेतला, पोहे नको म्हणालो. निघताना धाकटी डबा घेऊन दारापर्यंत आली तर आत्याने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा ओट्यावर नेऊन ठेवला.